एकाच पहाटेची दोन धुकी

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. हिवाळ्यातील निरभ्र, शांत पहाटे त्याच्या पाण्यावरून वाफेसारखे लोट उठताना दिसतात, तर जवळच्या धानाच्या बांध्यांवर पांढरा थर निश्चल पसरलेला असतो. दोन्हींना आपण धुकेच म्हणतो. पण त्यांच्या जन्माची रीत वेगळी आहे.

हवेत बाष्प मावण्यास मर्यादा असते. २०° सें. तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, १०° सें. ला मात्र साडेनऊ ग्रॅमही मावत नाही. समजा, सायंकाळी २०° सें. च्या हवेत १२ ग्रॅम बाष्प आहे. ही हवा सुमारे १४° सें. पर्यंत निवली की संपृक्त होते. हा तिचा दवबिंदू होय. त्याखाली जास्तीचे बाष्प हवेतील सूक्ष्म कणांवर जमून त्याचे थेंब बनतात. हेच धुके.

शेतजमीन रात्री प्रारणाने उष्णता गमावते. तिच्यालगतची हवा दवबिंदूखाली निवते, जड होते व खालीच राहते. हे प्रारण धुके.

तळ्याचे पाणी मात्र सावकाश निवते. पहाटे ते हवेपेक्षा उबदार असते. त्याची वाफ वरच्या थंड हवेत मिसळून ती संपृक्त होते. हे बाष्प धुके. पाण्यालगतची हवा तापून वर चढते, म्हणून त्याचे लोट उठतात. थोडक्यात, शेतावर हवा निवते, तर तळ्यावर हवेत बाष्पाची भर पडते.

आणखीही प्रकार आहेत. सॅन फ्रान्सिस्कोजवळ दमट सागरी हवा किनाऱ्यालगतच्या थंड पाण्यावरून वाहताना निवते. ते अभिवहन धुके. डोंगर चढताना हवा प्रसरण पावून निवते व उतारावर धुके दाटते. पावसाळ्यात महाबळेश्वरला हाच अनुभव येतो.

दृश्यमानता एक किलोमीटरहून कमी झाली, तरच हवामानशास्त्र त्यास धुके म्हणते. अशा वेळी वाहनाचा प्रखर झोत उपयोगी पडत नाही. थेंबांवरून विखुरलेला प्रकाश चालकाच्याच डोळ्यांवर परततो. म्हणून दिवे खाली वळवून वेग कमी करणे, हाच शहाणपणा.

विद्यार्थिमित्रहो, थंडीत शिक्षकांसमवेत गावच्या तळ्यावर जा. पाण्याचे व हवेचे तापमान मोजा. समोरचे धुके कोणते, हे तापमापकच सांगेल.