कोळशाने भरलेली आगबोट आणि स्टुडबेकरची वॅगन

विजेच्या मोटारींची बातमी आली की एक प्रश्न हमखास निघतो: पेट्रोलच्या गाड्या बनवणारे आता टिकणार का? आगबोटींचा इतिहास पाहिला, तर यंत्रापेक्षा इंधनाचं ओझं जास्त निर्णायक ठरलेलं दिसतं.

२० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. बांधणी मुंबईच्याच गोदीतली, वाडियांच्या हातची. बोटीत जागा साडेपाच दिवसांच्या कोळशाची, आणि वाटेतलं एडन बंदर अकरा दिवसांवर! मग प्रवाशांच्या केबिनमध्येसुद्धा कोळसा भरला. शिडाला वारा फुकट मिळे. म्हणून आगबोटींवरही शिडं पुढे कित्येक वर्षं राहिली.

ही कोंडी फोडण्यात लिव्हरपूलच्या अल्फ्रेड होल्टचा मोठा वाटा आहे. मोठ्या आगबोटी बांधणाऱ्या ब्रुनेलचं नाव सगळे घेतात, होल्टचं फारसं कुणी घेत नाही, हे खरोखर अन्यायाचं आहे. गुऱ्हाळात चरकातून निघालेलं चिपाड दुमडून पुन्हा चरकात घालतात, तशी होल्टच्या इंजिनात एका सिलिंडरमधून निघालेली वाफ दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा कामाला लागे. तेवढाच कोळसा, पण पल्ला कितीतरी लांब. १८६६ मध्ये त्याची ‘अ‍ॅगमेम्नॉन’ वाटेत कुठेही न थांबता मॉरिशसला पोचली: ८,५०० मैल.

तरीही १९०२ मध्ये अमेरिकेत सात डोलकाठ्यांचं पोलादी शिडाचं जहाज ‘थॉमस डब्ल्यू. लॉसन’ पाण्यात उतरलं. पाचच वर्षांत ते इंग्लंडजवळ बुडालं.

सगळेच मात्र जुन्यालाच चिकटून राहिले नाहीत. त्याच १९०२ मध्ये घोड्यांनी ओढायच्या वॅगन बनवणाऱ्या अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीने पहिली मोटार विकली, आणि तीही विजेची. एक गाडी खुद्द एडिसनने घेतली. १८५२ मध्ये साउथ बेंड गावात दोन स्टुडबेकर भावांनी ६८ डॉलरवर लोहारकाम सुरू केलं होतं. तिसऱ्या भावाने कॅलिफोर्नियात सोनं शोधणाऱ्यांना हातगाड्या विकून ८,००० डॉलर आणले. या घराला सांगाडा, चाकं, गिऱ्हाईक सगळं ओळखीचं होतं. नवखं होतं ते फक्त इंजिन. म्हणून १९०४ मध्ये पेट्रोलची गाडी काढताना त्यांनी यांत्रिक भाग गारफर्ड कंपनीकडून घेतला आणि वरची बॉडी स्वतः बांधली. वॅगनही चालूच ठेवल्या.

विजेची मोटार मात्र दहाएक वर्षांत त्यांनी सोडून दिली. तिच्या जड बॅटरीची गत ‘ह्यू लिंडसे’च्या कोळशासारखीच होती: वजन भरपूर, पल्ला थोडा. पेट्रोलचा डबा वाटेवरच्या दुकानातही मिळायचा.