‘संगणक, नग एक’ एवढ्यावर भागणार नाही

शाळा, महाविद्यालये व शासकीय कार्यालये यांच्या जडवस्तूसंग्रह नोंदवहीत, म्हणजेच आपल्या ‘डेडस्टॉक’मध्ये, जुन्या संगणकाची नोंद बहुधा ‘संगणक, नग एक’ एवढ्या शब्दांत आटोपलेली असते. खरेदीची तारीख, किंमत आणि शेवटी निर्लेखनाचा शेरा, यापलीकडे त्या यंत्राचे चरित्र उरत नाही. लेखापरीक्षणाला एवढे पुरते. इतिहासाला पुरत नाही. पहिल्या पिढीतील वैयक्तिक संगणकांत कोणत्या चिपा होत्या याची पद्धतशीर सूची करणे हा रिकामटेकड्यांचा छंद नव्हे. गेल्या अर्धशतकातील एका मोठ्या औद्योगिक स्थित्यंतराचा पुरावा जतन करण्याचे ते काम आहे.

संगणकाचा मेंदू म्हणून प्रोसेसरचे नाव सर्वांना ठाऊक असते. परंतु केवळ मेंदूने देह चालत नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातील ८०८८ या प्रोसेसरच्या दिमतीला अनेक साहाय्यक चिपा होत्या. ८२५९ ही कळफलकासारख्या उपकरणांच्या हाका क्रमाने प्रोसेसरपर्यंत पोचवी, ८२५३ ही कालमापन करी, ८२३७ ही स्मृतीतील माहितीची ने-आण पाही. या चिपा खुल्या बाजारात मिळत असल्या, तरी त्या सर्व एका फलकावर बिनचूक जुळविण्यास कुशल अभियंते व भांडवल लागे.

ही अडचण १९८० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील ‘चिप्स अँड टेक्नॉलॉजीज’ या नव्या कंपनीने दूर केली. विखुरलेल्या साहाय्यक चिपांचे कार्य तिने मोजक्या चिपांच्या एका संचात आणले. यालाच आपण चिपसेट म्हणतो. या कंपनीच्या ८२सी२०६ या एकाच चिपमध्ये ८२३७ आणि ८२५९ या प्रत्येकी दोन चिपांचे काम, शिवाय कालमापक व तारीखवेळ सांभाळणारे घड्याळ एवढे सारे सामावलेले होते. वस्तुतः हा तंत्रज्ञानाइतकाच अर्थशास्त्राचाही विषय आहे. ज्ञान व भांडवल यांची जी भिंत लहान उत्पादकाला बाजाराबाहेर ठेवीत होती, ती चिपसेटने खाली आणली. तैवानमधील लहान कारखान्यांनाही आयबीएमसुसंगत मदरबोर्ड बनविणे शक्य झाले, स्पर्धा वाढली आणि किमती उतरल्या. विशेष म्हणजे संच विकणाऱ्या कंपनीचा स्वतःचा चिपनिर्मितीचा कारखाना नव्हता. रचना एकाची आणि निर्मिती दुसऱ्याची ही श्रमविभागणी पुढे रूढ झाली, आणि १९८७ मध्ये स्थापन झालेल्या तैवानच्या टीएसएमसीने तीवरच आपले साम्राज्य उभारले.

या घडामोडींत आपण कोठे होतो? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफरॅक हा संगणक १९६० मध्ये स्वबळावर कार्यान्वित केला होता. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले. त्याच सुमारास ‘क्लास’ योजनेखाली सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यांत ६५०२ या प्रोसेसरबरोबर फेरांटी कंपनीच्या खास चिपा होत्या. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये चिपनिर्मिती सुरू झाली, पण फेब्रुवारी १९८९ मधील आगीने तो प्रयत्न खुंटला. अशा स्थितीत भारतीय नाममुद्रेच्या संगणकात आतील भाग किती देशी आणि किती परदेशी होते, या प्रश्नाचे उत्तर जाहिरातींत सापडणार नाही. ते मदरबोर्डवर छापलेले आहे.

ते वाचणे अवघड नाही. उरण तालुक्यातील करंजा बंदरात नांगरलेल्या मासेमारी नौकेवर नोंदणी क्रमांक रंगविलेला असतो आणि त्यावरून तिचे राज्य व नोंदणीचे ठिकाण जाणकाराला कळते. चिपच्या पाठीवरील अक्षरेही तशीच बोलतात. त्यांत निर्मात्याची खूण व भागक्रमांक असतो, आणि बहुधा चार अंकांचा कालसंकेतही असतो. ‘८७३४’ म्हणजे १९८७ सालचा चौतिसावा आठवडा. मात्र देशाचे नाव जपून वाचावे. इंटेलने मलेशियात पेनांग येथे १९७२ मध्येच जुळणीचा कारखाना काढला होता. त्यामुळे ‘मलेशिया’ ही अक्षरे चिपच्या वेष्टनाचा देश सांगतात. आतील सिलिकॉन अन्यत्र घडलेले असू शकते.

हा पुरावा मात्र दिवसेंदिवस नष्ट होत आहे. त्या काळच्या अनेक मदरबोर्डांवरील निकेल-कॅडमियमची बॅटरी कालांतराने पाझरते आणि तिच्यातील क्षार तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. करंजासारख्या खाडीकाठच्या गावी खारा, दमट वारा त्यात भर घालतो. भंगाराच्या बाजाराचा न्याय तर आणखी विपरीत. जुन्या सिरॅमिक चिपांवर सोन्याचा मुलामा असल्याने त्यांनाच भाव अधिक. म्हणजे जो पुरावा सर्वांत प्राचीन, तोच सर्वांत आधी वितळतो. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून अमलात आले हे योग्यच झाले. नोंद करणे आणि नियमानुसार विल्हेवाट लावणे यांत काहीच विरोध नाही. नोंद आधी व्हावी, इतकेच.

त्यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत एक जादा कागद जोडावा. मदरबोर्डवरील नाव, प्रोसेसर, चिपसेटचे भागक्रमांक, कालसंकेत आणि एक स्पष्ट छायाचित्र एवढे त्यावर असावे. यंत्राचा वीजपुरवठा तोडून विज्ञानशिक्षकाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी ते उघडावे, लिपिकाने नोंद करावी आणि हे कागद विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकत्र व्हावेत. भांडवलाने काय साधते आणि आयातशुल्काने काय होते, हे विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकाहून या एका फलकावर अधिक लख्ख दिसेल.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने चिपनिर्मितीसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. स्वावलंबनाचा हा संकल्प स्तुत्यच आहे. परंतु मागच्या खेपेस आपण काय विकत घेतले, कोणाकडून घेतले आणि त्यातले स्वतः किती घडविले, याचा हिशेब ज्या देशाजवळ नाही, त्याने नव्या गुंतवणुकीच्या यशाचे मोजमाप कशाच्या आधारे करावे? तो हिशेब आपल्या कार्यालयांच्या अडगळीत अजून काही काळ वाचता येण्याजोगा आहे. भंगारवाल्याचा काटा येण्यापूर्वी तो उतरवून घेणे, हे शहाणपणाचे ठरेल.