पुठ्ठ्याची फळी, ओकची फळी

डेन्मार्कमध्ये रोस्किल्ड गावाच्या खाडीकाठी काँक्रीटचं एक दालन आहे. खाडीकडची भिंत सगळी काचेची. आत काळ्या पडलेल्या लाकडाची पाच जहाजं लोखंडी सांगाड्यांवर तोलून धरली आहेत. बाहेर धक्क्यावर त्याच जहाजांच्या नव्या प्रतिकृती पाण्यावर डुलत असतात. दोरखंडाला आणि लाकडाला लावलेल्या डांबराचा वास तिथे नाकात भरतो आणि बराच वेळ जात नाही. १९६९ साली उघडलेलं हे व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय. मी ते पाहिलं, आणि तिथे सगळ्यांत जास्त वेळ कशासमोर थांबलो असेन तर एका पुठ्ठ्याच्या होडीसमोर.

त्या होडीची गोष्ट जहाजांच्या बुडण्यापासून सुरू होते. इसवी सन १०७०च्या आसपास समुद्रातून येणाऱ्या शत्रूची वाट अडवायला रोस्किल्डच्या लोकांनी आपलीच जुनी जहाजं दगडांनी भरली आणि स्कुल्डेलेव गावाजवळच्या अरुंद मार्गात बुडवली. १९६२ साली त्या जागेभोवती पत्र्यांचा बांध घालून पाणी उपसण्यात आलं. चिखलातून निघाले ते हजारो तुकडे. त्यांवरून सुरुवातीला सहा जहाजांचा हिशेब लागला होता. पुढे चौथ्या क्रमांकाचं जहाज हे दुसऱ्याचाच भाग निघालं. क्रमांक मात्र कुणी बदलले नाहीत, म्हणून आजही जहाजं पाच आहेत आणि शेवटच्याचा क्रमांक सहा.

तुकडे मिळाले, पण जहाजाचा आकार कसा शोधायचा? ओले क्रुम्लिन-पेडरसन हा या उत्खननाचा एक प्रमुख, शिक्षणानं जहाजशास्त्राचा अभियंता. तिथे रुळलेली पद्धत अशी : प्रत्येक फळीचा तुकडा खऱ्या मापानं, खिळ्यांच्या भोकांसकट कागदावर उतरवायचा. मग तो दहापट लहान करून पुठ्ठ्यातून कापायचा. हजार वर्षांपूर्वीच्या सुतारानं पाडलेली भोकं एकमेकांवर आणून टाचण्यांनी जोडत जायचं. भोकाला भोक जुळलं की पुठ्ठा आपोआप वळतो आणि टेबलावर जहाजाचं पोट उभं राहायला लागतं. संशोधक आकार ठरवत नाहीत, पुठ्ठ्याला विचारतात. हे कळल्यावर, मुलांबरोबर पुठ्ठ्याची होडी करणं म्हणजे सुट्टीतला विरंगुळा, असं मला कधीच वाटलं नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीतल्या नऊ मुलांना घेऊन मी कामाला बसलो. बुटांची खोकी, कात्र्या, फेविकॉल, आणि प्रोजेक्टच्या फाइलला लावतात त्या दोन पायांच्या पितळी पिना. पहिल्या दिवशी मुलांनी कुणालाही सुचेल तेच केलं. आधी सांगाडा उभा केला, मग त्यावर पट्ट्या चिकटवायला घेतल्या. पट्ट्या कुठे फुगल्या, कुठे चुरगळल्या, टोकाशी तर एकही नीट बसेना. चौथीतली एक मुलगी वैतागून म्हणाली, "काका, ह्या पट्ट्यांना फासळ्या नकोच आहेत."

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. व्हायकिंग सुतार आधी तळाचा कणा मांडत, त्याच्या दोन टोकांना वर वळणारे खांब जोडत आणि लगेच फळ्या लावायला घेत. खालून पहिली, तिच्या काठावर थोडी चढवून दुसरी, तिच्यावर तिसरी, कौलं एकावर एक चढवावीत तशी. फासळ्या आत येत त्या नंतर, तयार झालेल्या पोटाच्या मापानं. जहाजाचा आकार फळीच्या काठात असतो. काठ सरळ कापला तर पट्टी सपाट राहते. काठाला किंचित बाक दिला आणि तो शेजारच्या काठाला बळंच जुळवला, की पट्टी वर उचलली जाते. शिंपी सपाट कापडाला टक्स घालून गोलाई देतो, तेच हे. दुसऱ्या दिवशी आम्ही सांगाडा मोडला. चंद्रकोरीसारख्या पट्ट्या कापल्या, काठावर काठ चढवला, भोक पाडून पितळी पिन घातली आणि आतून तिचे पाय फाकवले. चौथ्या पट्टीला होडीनं स्वतःहून अंग धरलं. मुलं एकदम गप्प झाली. मीही.

ती पितळी पिन म्हणजे खऱ्या रिव्हेटची धाकटी बहीण. जहाजात लोखंडी खिळा बाहेरून दोन्ही फळ्यांतून आरपार ठोकत, आतल्या बाजूनं त्यावर लोखंडाची छोटी चकती चढवत, उरलेलं टोक छाटत आणि चकतीवर ठोकून बसवत. दोन फळ्यांच्या मध्ये लोकर किंवा जनावराचे केस डांबरात भिजवून भरलेले असत. आम्ही मावशीच्या जुन्या स्वेटरची लोकर फेविकॉलात बुडवून भरली.

फळ्यांचं लाकूड निवडण्याची रीत तर मला सगळ्यांत विलक्षण वाटते. ही जहाजं करवतीनं कापलेल्या फळ्यांची नाहीत. ओकचं ताजं, ओलं खोड पाचरी ठोकून आधी उभं दुभंगायचं, मग त्याचे चार, आठ, सोळा भाग करायचे, केकचे काप काढावेत तसे. मग कुऱ्हाडीनं तासून फळी काढायची. करवत लाकडाचे धागे कापत जाते, पाचर धाग्यांच्या वाटेनं जाते. धागे टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिले की दोन-अडीच सेंटिमीटरची पातळ फळीही समुद्राचा मार सोसते आणि जहाज हलकं होतं.

शिवाय ते लवचीक असतं. नॉर्वेत १८८० साली दफनटेकडीतून निघालेलं गोकस्टाडचं जहाज सुमारे २३ मीटर लांबीचं, इसवी सन ८९०च्या सुमाराचं. त्याच्या पाण्याखालच्या फळ्या फासळ्यांना ठोकलेल्या नाहीत, झाडाच्या मुळ्यांनी बांधलेल्या आहेत. १८९३ साली मॅग्नस अँडरसन या कप्तानानं त्याची प्रतिकृती बर्गनहून अटलांटिकपार नेली, २८ दिवसांत न्यूफाउंडलंडला पोचवली आणि तिथून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. विवेकानंदांचं भाषण झालं ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरली होती. लाटांवर जहाजाचे काठ पिळवटून पंधराएक सेंटिमीटर हलत, तरी पाणी आत येत नसे, अशी नोंद अँडरसननं केली आहे.

रोस्किल्डच्या लोकांनी ही परीक्षा आणखी मोठ्या जहाजावर घेतली. स्कुल्डेलेव क्रमांक दोन हे जवळजवळ ३० मीटर लांबीचं युद्धजहाज. लाकडाच्या वर्तुळांवरून ते १०४२ साली डब्लिनजवळच्या ओकचं बांधलं गेल्याचं सिद्ध झालं. संग्रहालयाच्या सुतारांनी २००० ते २००४ या काळात जुन्या धर्तीच्या हत्यारांनी त्याची प्रतिकृती घडवली. सुमारे ३०० ओकची खोडं आणि ७,००० लोखंडी खिळे-रिव्हेट लागले. साठ वल्ह्यांचं हे जहाज २००७च्या उन्हाळ्यात साठहून अधिक खलाशी घेऊन डब्लिनला गेलं, पुढच्या वर्षी परतलं. वाऱ्याअभावी उत्तर समुद्रात ते काही अंतर दुसऱ्या बोटीनं ओढून न्यावं लागलं. संग्रहालय हे लपवत नाही, आणि म्हणूनच मला त्यांच्या बाकीच्या दाव्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

काठावर काठ चढवून होड्या बांधायची ही परंपरा डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलंड यांनी मिळून मांडली आणि २०२१ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ती आली. आपल्याकडे असं काय आहे, असं मुलांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात कौंडिण्य हे जहाज बांधलं गेलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी फळ्या काठाला काठ लावून काथ्याच्या दोरीनं शिवल्या. खिळे नाहीत, पण इथेही आधी फळ्या, मग फासळ्या. मूळ आराखडा कुठेच नव्हता, म्हणून आधी छोटी प्रतिकृती करून आयआयटी मद्रासमध्ये तपासली गेली. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि त्याच वर्षअखेर पोरबंदरहून मस्कतच्या वाटेला लागलं.

आमच्या होडीला मुलांनी बाहेरून मेण चोपडलं, जुन्या ओढणीचं चौकोनी शीड लावलं आणि उजव्या बाजूला पिछाडीशी सुकाणूचं वल्हं बांधलं. व्हायकिंग जहाजांचं सुकाणू उजवीकडेच असे, आणि इंग्रजीत जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात ते त्यावरूनच. टाकीत सोडताच होडी कलंडली. तळाशी मुठीएवढे खडे ठेवल्यावर सरळ झाली. युद्धजहाजाच्या तळाशीही दगडांचं वजन असे, हे त्यानंतर सांगितलं, आधी नाही.

डिसेंबर २०१३च्या वादळात खाडीचं पाणी रोस्किल्डच्या त्या काचेपर्यंत चढलं होतं. काँक्रीटचं दालन आता थकलं आहे आणि या जहाजांसाठी नवी इमारत उभारायचं ठरलं आहे. कोपनहेगनला जाणं झालं तर आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत रोस्किल्ड येतं. एक दिवस मोकळा ठेवा, मुलांना बरोबर न्या, आणि जहाजं पाहून झाल्यावर शेजारच्या सुतारांच्या आवारात कुऱ्हाड चालते ती पाहा. जाणं होणार नसेल तर बुटांचं एक खोकं जपून ठेवा. सुरुवात फळ्यांपासून करा.