उत्पादन गाजलं, पण पैसा गावात थांबला का?

‘स्थानिक उत्पादनातून ग्रामीण विकास’ असा विषय घेतला की आपण आधी पर्यटकांचे आकडे गोळा करायला लागतो. मीही तेच केलं होतं. माझा पहिला आराखडा गाईडकडून परत आला, समासात एकच प्रश्न होता: ‘आलेला पैसा कुठे जातो?’ त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जपानचं ओयामा भेटलं.

ओयामा हे ओइता प्रांतातलं डोंगराळ गाव. शेतजमीन अगदी थोडी. सरकारचा भर भातावर असताना १९६१ मध्ये या गावाने उमे (जर्दाळूच्या जातीचं आंबट फळ) आणि चेस्टनट लावायचं ठरवलं. पुढाकार हारुमी याहाता यांचा. ते गावाचे प्रमुख होते आणि शेतकरी सहकारी संस्थेचेही. पुढे १९७९ मध्ये ओइताचे गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु यांनी ‘एक गाव, एक उत्पादन’ चळवळ सुरू केली, तिच्यामागे ओयामासारख्या गावांचाच अनुभव होता.

आता खरी गंमत बघा. गाव नुसतं फळ विकून थांबलं नाही. उमेचं खारवलेलं लोणचं तिथेच तयार होऊ लागलं. १९९० च्या दशकात सहकारी संस्थेने ‘कोनोहाना गार्टेन’ हे थेट विक्री केंद्र उभं केलं. मालावर शेतकऱ्याचं नाव असतं, किंमतही तोच ठरवतो आणि संस्था विक्रीवर कमिशन घेते. लोक खरेदीला येतात, गावचं जेवण जेवून जातात. म्हणजे क्रम असा: पीक, प्रक्रिया, दुकान, आणि मग पर्यटक.

आपल्याकडे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन नावाचं रक्षण करतं. पैशाची वाटणी करत नाही. म्हणून पर्यटक मोजण्याआधी तीन गोष्टी विचारा: प्रक्रिया कुठे होते? किंमत कोण ठरवतं? माल पडून राहिला तर तोटा कोणाचा?

आणि एक सावधगिरी. ओयामा यशस्वी झालं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. जिथे हाच प्रयोग फसला, ती गावं सहसा शोधनिबंधात येत नाहीत. तुमच्या नमुन्यात असं एक तरी गाव घ्या. उत्तर कदाचित तिथेच सापडेल.