आकडा ९३, पण श्वास किती?

अतिदक्षता विभागाच्या दाराशी रोज एकच प्रश्न विचारला जातो, "डॉक्टर, ऑक्सिजन किती आहे?" उत्तर ९३ आले की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो, कुणीतरी लगेच गावी फोन लावते. त्याच रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल असे तासाभराने सांगितले, की त्यांना फसवल्यासारखे वाटते. "आत्ताच तर ९३ होता ना!" हाय-फ्लो नेझल ऑक्सिजन, म्हणजे वॉर्डातल्या बोलीत 'एचएफएनओ', लावलेल्या रुग्णांच्या बाबतीत हे वारंवार घडते.

शांत बसलेला माणूस श्वास आत घेताना मिनिटाला सुमारे ३० लिटर वेगाने हवा ओढतो. न्यूमोनियात धाप लागली की हा वेग ६० लिटर किंवा त्याच्याही वर जातो. साध्या मास्कमधून ऑक्सिजन येतो ५ ते १० लिटर. उरलेली हवा मास्कच्या कडांतून आत शिरते, म्हणजे खोलीतलीच. सिलिंडर भरलेला असला तरी फुप्फुसात पोहोचतो तो पातळ झालेला ऑक्सिजन.

एचएफएनओ यंत्र हवा आणि ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळते, ३७ अंशांपर्यंत गरम करते, त्यात ओलावा घालते आणि नाकातल्या मऊ, रुंद नळ्यांमधून मिनिटाला ६० लिटरपर्यंत सोडते. ऑक्सिजनचे प्रमाण २१ पासून १०० टक्क्यांपर्यंत ठेवता येते. ऊब आणि ओलावा हे चोचले नव्हेत. इतका कोरडा झोत नाकाला सोसणारच नाही; कफ घट्ट होऊन आतच अडकेल. श्वास सोडल्यावर नाकाघशात उरणारी कार्बन डायऑक्साइडयुक्त हवाही या झोताने धुऊन निघते. तोंड मिटलेले असेल तर फुप्फुसांना थोडा दाबही मिळतो, म्हणून परिचारिका पुन्हा पुन्हा "आजोबा, तोंड मिटा" म्हणत असतात. चेहऱ्यावर घट्ट मास्क नसल्याने रुग्णाला बोलता येते, पाणी पिता येते.

फ्रान्स आणि बेल्जियममधल्या ३१० रुग्णांवरचा अभ्यास २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. ९० दिवसांत एचएफएनओ गटातले १२ टक्के रुग्ण दगावले. साध्या ऑक्सिजनच्या गटात २३ टक्के आणि मास्कने दाब देणाऱ्या यंत्राच्या गटात २८ टक्के. नळी घालावी लागण्याच्या प्रमाणात मात्र तिन्ही गटांत निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. पहिले आकडे सर्वांच्या तोंडी असतात, हे पुढचे वाक्य फारसे कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी दक्षिण कोरियातून आलेल्या अभ्यासात धोक्याची बाजू दिसली. एचएफएनओ अपुरे पडून ४८ तासांनंतर नळी घातलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६७ टक्के अतिदक्षता विभागातच दगावले. त्याआधी घातलेल्यांपैकी ३९ टक्के. जुन्या नोंदींवरून केलेला अभ्यास असल्याने त्याला अंतिम पुरावा म्हणता येत नाही. पण ज्याने असा दमत गेलेला रुग्ण पाहिला आहे, त्याला त्याचे नवल वाटणार नाही. आकडा छान दिसत राहतो आणि छातीचे स्नायू थकत जातात.

म्हणून एक सोपे गणित करतात, त्याला 'रॉक्स' निर्देशांक म्हणतात. बोटावरचा आकडा भागिले दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचे प्रमाण, आणि आलेल्या उत्तराला मिनिटातल्या श्वासांनी भागायचे. समजा ४० टक्के ऑक्सिजनवर आकडा ९३ आणि श्वास २४ आहेत. ९३ भागिले ०.४, भागिले २४, म्हणजे ९.७. दुसऱ्या खाटेवर आकडा ९३च, पण ऑक्सिजन ८० टक्के आणि श्वास ३६. उत्तर ३.२. न्यूमोनियात हे उत्तर ४.८८ किंवा अधिक राहिले तर नळीची गरज पडण्याची शक्यता कमी असते. बारा तासांनंतरही ते ३.८५च्या खाली असेल तर वाट पाहणे धोक्याचे. अर्थात गणिताआधी रुग्णाकडे बघावे लागते: मान ताणून श्वास घेतोय का, गुंगी येतेय का, वाक्य पूर्ण करता येतेय का.

जुन्या दम्यासारख्या, धूम्रपानातून किंवा चुलीच्या धुरातून आलेल्या फुप्फुसविकारात (सीओपीडी) रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून रक्त आम्लधर्मी झाले असेल, तर पहिली निवड दाब देणाऱ्या मास्कची असते. तिथे आकडाही ८८ ते ९२ पुरे; तो ९८ करण्याचा हट्ट घातक ठरू शकतो.

आणि हे यंत्र ऑक्सिजन पिते. ६० लिटर, १०० टक्के या वेगाने साधारण ७,००० लिटरचा जंबो सिलिंडर दोन तासही पुरत नाही. एप्रिल २०२१ मध्ये, टंचाईच्या दिवसांत, एका खाटेचा झोत वाढवताना शेजारच्या खाटांचा विचार करावा लागत होता.

दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांनी ऑक्सिजनच्या आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. मिनिटाला श्वास किती? यंत्र किती टक्क्यांवर आहे? सकाळपेक्षा कमी झाले की वाढले? गरज पडली तर नळी घालायची का, याचे बोलणेही दुपारच्या भेटीतच घरच्यांनी डॉक्टरांशी करून ठेवावे. रात्री दोन वाजता, बाहेर बाकड्यावर झोपलेल्या मुलाला उठवून संमतीपत्रावर सही घेताना कुणालाच नीट काही समजावता येत नाही.