आधी औषध, मग शस्त्रक्रिया

मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांत तो बराच आढळतो, भारतीयांत दुर्मीळ. आखातातल्या रास अल खैमाच्या उन्हात राबणाऱ्या मराठी माणसाला तो झालाच, तर रापलेल्या पाठीपेक्षा तळपायावर, नखाखाली किंवा नाकातोंडाच्या अस्तरावर होण्याची शक्यता जास्त. काळा डाग कुरूप समजून अंगावर काढला जातो आणि रोग जांघेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचतो. तळपायाचा हा प्रकार कोरियातही ठळकपणे दिसतो.

ग्रंथींसकट गाठ काढली तरी रोग उलटतो, कारण काही पेशी आधीच दूर निसटलेल्या असतात. त्यांना शोधून मारण्याचं काम शरीरातल्या टी-पेशींचं. पण त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो आणि कर्करोग तो दाबून धरतो. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही औषधं तो सोडवतात.

पूर्वी ती शस्त्रक्रियेनंतर देत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एस-१८०१ चाचणीने फक्त क्रम बदलला. दोन्ही गटांना पेम्ब्रोलिझुमॅबचे १८ डोस ठरले होते. एका गटाला सगळे नंतर, दुसऱ्याला तीन आधी आणि पंधरा नंतर. रोग वाढणं, उलटणं, शस्त्रक्रिया हुकणं किंवा मृत्यू, यांपैकी काहीही न घडता दोन वर्षं काढलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ४९ टक्के, दुसऱ्यात ७२ टक्के निघालं. औषध तेच, मात्राही तीच! गाठ जागेवर असताना टी-पेशींना कर्करोगाच्या खुणा भरपूर सापडतात, त्या ओळखणाऱ्या पेशींची फौज वाढते आणि ती शरीरभर पसरते, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. २०२४ च्या नाडिना चाचणीत निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब हे आणखी एक औषध, या जोडीचे दोनच डोस आधी दिले. काढलेल्या गाठीत जिवंत कर्करोग जवळजवळ उरला नसेल, तर पुढचं औषधच थांबवलं.

धोके आहेतच. सुटलेल्या टी-पेशी थायरॉइड, आतडी, यकृत यांवरही उलटतात. शिवाय तळपायाचा आणि अस्तराचा मेलॅनोमा या औषधांना कमी दाद देतो, म्हणजे आपल्याकडच्या रुग्णांनी वरचे आकडे थोडे हात राखूनच वाचावेत.

खर्चाचा प्रश्न वेगळाच; तो कमी करायचा एक मार्ग म्हणजे मात्रा घटवणं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगात नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, अवघं २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब तोंडी औषधांच्या जोडीने दिलं. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. मात्र त्यावरून मेलॅनोमाची मात्रा ठरवता येत नाही.