जुन्या संगणकात मापनाचे कार्ड बसविताना

माझे शाळेतले शिक्षण थोडे. वीज मी कारखान्यात शिकलो आणि संगणक खातेनिहाय चौकशीच्या टेबलावर. म्हणून आज पंडिताची भाषा माझ्याकडून अपेक्षू नका.

काही कारखान्यांत अजून एखादा जुनाट संगणक कोपऱ्यात चालू असतो. भट्टीचे तापमान, बॉयलरचा दाब तो टिपून ठेवतो. तो फेकून का देत नाहीत, असे पुष्कळजण विचारतात. आयबीएम कंपनीने १९८१ साली पहिला पर्सनल कॉम्प्युटर काढला, त्यात कार्ड खोचण्यासाठी ६२ संपर्कांची खाच होती. १९८४ च्या ‘एटी’ यंत्रात तिच्यापुढे ३६ संपर्कांची आणखी एक जोडली गेली. मापनाची जुनी कार्डे याच खाचेची आहेत, आणि आजच्या सर्वसाधारण संगणकात ती खाचच नसते. कार्ड जळाले की तसलेच दुसरे शोधून बसवावे लागते.

बसविणे वरवर सोपे आहे. वीज तोडावी, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी, कार्ड कडांना धरून सरळ दाबावे, पट्टीचा स्क्रू आवळावा. खरी मेख कार्डावरच्या बारीक स्विचांत आहे. त्यांनी कार्डाचा पत्ता ठरतो. तो पुष्कळदा ३०० असतो. हा आकडा सोळाच्या पायावरचा, आपल्या हिशेबी ७६८. नेटवर्कचे कार्डही त्याच पत्त्यावर बसलेले असले, तर एका हाकेला दोघे ओ देतात आणि ऐकणाऱ्याला काहीच धड कळत नाही. कित्येक कार्डांवर स्विच ‘ऑन’ म्हणजे शून्य, हा उलटा कारभार! तेव्हा माहितीपुस्तक वाचल्यावाचून हात घालू नये.

आता मापनाकडे वळू. कार्डावर तारांसाठी दारे सोळा असली, तरी मोजणारा बहुधा एकच. तो प्रत्येक दाराशी क्षणभर थांबून तिथला दाब एका इवल्या साठवणीत भरतो व त्याचा आकडा करतो. बारा बिटांच्या कार्डात उणे ५ ते अधिक ५ व्होल्टांचे ४०९६ भाग पडतात. एक भाग सुमारे अडीच मिलिव्होल्ट. परंतु एखाद्या दाराला तारच लागलेली नसेल, तर साठवणीत आधीच्या दाराची वीज तशीच उरते, आणि शेजाऱ्याचा आकडा याच्या नावावर लागतो. म्हणूनच रिकामी दारे अर्थला जोडून ठेवतात.

हे मी ज्या प्रकरणात शिकलो, त्यातल्या कारखान्याचे नाव सांगत नाही. तेथे भट्ट्या तीन. कार्ड बदलले, आणि काही दिवसांनी तिसऱ्या भट्टीचा माल कच्चा निघू लागला. भट्टीवाला म्हणे, भट्टी तापत नाही. साहेब म्हणत, संगणकात तिसरीचे तापमान दुसरीइतकेच आहे, तूच माल लवकर काढतोस. त्याच्या हाती आरोपपत्र पडले. वीस वर्षे आचेसमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या शब्दाला कागदापुढे किंमत उरली नाही.

चौकशीत मी एवढेच मागितले, की दुसऱ्या भट्टीची तार काढून त्या जागी घटकाभर टॉर्चचा सेल लावा. कुरकुरत का होईना, लावला. पडद्यावर दुसरीचा आकडा एकदम पालटला, आणि तिच्यामागोमाग तिसरीचाही तेथेच येऊन बसला. सगळे गप्प झाले. मग तिसरीची जोडणी उघडून पाहिली. स्क्रू तांब्यावर नव्हे, तारेच्या वेष्टनावर आवळला होता. तार सोलून नीट लावली, तेव्हा तिसरीचे तापमान खरोखरच खाली असल्याचे त्याच पडद्यावर दिसले. आरोपपत्र मागे घेतले गेले, आणि भट्टीची जळालेली कॉइल दुसऱ्या दिवशी बदलली.